चंचल स्पंदतारे आणि त्यांच्या जन्मनोंदी

शके ९७६, म्हणजे इसवी सन १०५४. त्या वर्षी जुलैच्या ४ तारखेस चीनच्या दरबारी ज्योतिष्यांनी वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, पूर्वी कधी न दिसलेला एक तारा पाहिला व त्याची रीतसर नोंद केली. असल्या ताऱ्यास ते ‘पाहुणा तारा’ म्हणत. हा पाहुणा तेवीस दिवस भर दिवसाउजेडी दिसत होता आणि रात्रीच्या आकाशातून तो नाहीसा झाला तो १०५६ च्या एप्रिलमध्ये. बगदादच्या इब्न बुतलान नावाच्या वैद्यानेही त्या काळातील एका नव्या ताऱ्याचा उल्लेख केला असून तत्कालीन साथीच्या रोगाशी त्याने त्याचा संबंध जोडला आहे. हा उल्लेख पुढे तेराव्या शतकातील एका अरबी चरित्रग्रंथात जपला गेला.

आणि आपल्याकडे? कोकणात त्या वेळी शिलाहारांचे राज्य होते. अंबरनाथचे शिवालय, ज्याचा शिलालेख शके ९८२ चा आहे, त्याच सुमारास उभे राहत होते. पंचांगे होत होती, ग्रहणे वर्तविली जात होती. तरीही त्या ताऱ्याविषयी आपल्या पोथ्यांत काही लिहिले आहे काय, याचा शोध कोल्हापुरात जन्मलेले कै. डॉ. जयंत नारळीकर आणि पुण्याच्या संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी मिळून घेतला व २००१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध म्हणावी अशी एकही नोंद हाती लागली नाही. पावसाळ्याचे ढग आड आले असतील, असे कोणी म्हणेल. आणि जुलैतील कोकणचे आकाश ज्यांनी पाहिले आहे त्यांस ते पटेलही. परंतु तारा तर पुढे दोन हिवाळे दिसत होता. पाहिला कोणीतरी असणारच. लिहिले नाही, किंवा लिहिलेले उरले नाही, एवढेच आज म्हणता येते.

ज्यांचे खापरपणजोबा कराराची मजुरी पत्करून जहाजाने मॉरिशसला गेले, त्या आपल्या घरांतून नोंद असणे आणि नसणे यांतील अंतर निराळे सांगावयास नको. म्हणून तारे मरतात तेव्हा काय उरते, आणि त्या उरलेल्याचा जन्म कोणता हे शास्त्रज्ञ कसे ठरवितात, ही हकीकत या अंकाच्या वाचकांपुढे मांडावी असे मनात आले.

त्या पाहुण्या ताऱ्याच्या जागी आज दुर्बिणीतून एक विसकटलेला तेजोमेघ दिसतो. निरीक्षकांना त्यात खेकड्याचा भास झाला, म्हणून त्याचे नाव खेकडा अभ्रिका पडले. लुसैलचे अक्षांश २५ अंशांहून थोडे अधिक, आणि ही अभ्रिका खगोलाच्या विषुववृत्तापासून २२ अंश उत्तरेस. तेव्हा डिसेंबरातील मध्यरात्री ती येथे जवळजवळ डोक्यावर येते. पुण्यातही तसेच. मॉरिशसमध्ये मात्र ती उत्तरेकडे कलती दिसते. लुसैलच्या दिव्यांच्या झगमगाटात ती साध्या डोळ्यांस दिसणार नाही, आणि अंधाऱ्या वाळवंटातही दुर्बीण लागेलच.

सूर्याच्या कितीतरी पट जड असलेला तारा आपले इंधन संपवितो, तेव्हा त्याच्या गाभ्यास स्वतःचा भार सोसवेनासा होतो. हा भार कोठवर सोसवतो याची मर्यादा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणाने काढली. १९३० च्या जुलैअखेरीस तो मुंबई बंदरातून शिक्षणासाठी विलायतेस निघाला होता आणि बोटीवरच त्याने हे गणित केले. ज्या बंदरातून आपले पूर्वज मॉरिशसला गेले, त्याच बंदरातून निघालेला हा दुसरा प्रवास! मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची. तिच्या पलीकडे गाभा कोसळतो, वरचे थर प्रचंड वेगाने बाहेर फेकले जातात, आणि तारा काही आठवडे साऱ्या आकाशगंगेशी स्पर्धा करील इतका उजळतो. यालाच अतिनवतारा म्हणतात. फेकलेल्या थरांचा जो पसारा हजारो वर्षे विस्तारत राहतो तो त्याचा अवशेष. आणि मध्ये उरतो तो न्यूट्रॉन तारा. लुसैलपासून दोह्याच्या जुन्या बाजारापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढाच त्याचा व्यास. पण वजन सूर्याहून अधिक. त्यातील मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा कित्येक लाख टन भरेल. बाडे आणि झ्विकी या दोघांनी १९३४ मध्येच असे तारे असतील असे भाकीत केले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

१९६७ साली केंब्रिजमध्ये जॉसेलिन बेल या विद्यार्थिनीस रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर नियमित ठोके आढळले. तो पहिला पल्सार. आपण त्यास स्पंदतारा म्हणू. न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती गरगर फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून किरणांचा झोत निघतो, आणि दीपस्तंभाचा झोत जसा फिरत फिरत गलबतावरून जातो तसा तो आपल्यावरून जातो. प्रत्येक फेऱ्यास एक ठोका. १९६८ संपण्यापूर्वी खेकडा अभ्रिकेच्या हृदयातच असा तारा सापडला. तो सेकंदास सुमारे तीस फेऱ्या घेतो, आणि त्याचा फेरा दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदांनी लांबत जातो. बाडे-झ्विकींचे भाकीत खरे ठरले.

आता क्ष-किरणांकडे वळू. ज्या क्ष-किरणांनी इस्पितळात मोडलेले हाड दिसते, तेच किरण हे तारे आणि त्यांचे अवशेष ओतीत असतात. कारण तेथील वायू लक्षावधी अंश तापलेला असतो आणि चुंबकीय क्षेत्रात विद्युत्कण प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने धावत असतात. पण हे किरण आपले वातावरण शोषून घेते. शोषून घेते म्हणूनच आपण जगतो, हेही खरे. कतारच्या वाळवंटात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी तिला आकाशातला एकही क्ष-किरण दिसणार नाही. वर गेलेच पाहिजे.

प्रथम अग्निबाण गेले. १९६४ च्या ७ जुलैस चंद्र खेकडा अभ्रिकेवरून सरकणार होता. अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेने नेमका त्या मिनिटांत अग्निबाण सोडला. युक्ती साधीच होती. क्ष-किरण एखाद्या चिमुकल्या ताऱ्यातून येत असतील तर चंद्राआड जाताच ते एकदम विझतील. पसरलेल्या मेघातून येत असतील तर हळूहळू मंदावतील. ते हळूहळू मंदावले. तारा नाहीच, असे अनेकांस वाटले. पुढे १९६९ मध्ये दुसऱ्या अग्निबाणाने पाहिले तेव्हा कळले की त्या क्ष-किरणांतील सुमारे विसावा हिस्सा सेकंदास तीस वेळा लुकलुकतो आहे. मेघही खरा आणि ताराही खरा.

त्याच काळात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून त्यांतील उपकरणांनी आकाशातील क्ष-किरण मोजीत होती. त्या फुग्यांपासून जी परंपरा सुरू झाली ती २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहापर्यंत आली. मधल्या काळात चंद्रशेखरांचेच नाव मिरविणारी ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ मध्ये अमेरिकेने पाठविली होती. तिचे क्ष-किरणांतील डोळे आजही सर्वांत तीक्ष्ण मानले जातात.

अवशेष दिसला आणि त्याच दिशेस एक स्पंदतारा दिसला, म्हणजे दोघांचे नाते सिद्ध झाले काय? येथे मला मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील दप्तरांची आठवण होते. मॉरिशसला आलेल्या मजुरांच्या नोंदी तेथे आहेत. क्रमांक, नाव, वय, गाव, जिल्हा, जहाज. आपला पूर्वज शोधावयास गेलेल्या माणसास ‘राम’ नावाचे अनेक सापडतात. कारकुनाने कानास लागेल तसे लिहिलेले आडनाव सापडते. कधी रत्नागिरी जुळते पण वय जुळत नाही. नाव सारखे म्हणून तोच आपला, असे म्हणता येत नाही. जहाजाचे वर्ष जुळावे लागते, वय जुळावे लागते, बापाचे नाव जुळावे लागते. ताऱ्यांचेही अगदी असेच. दिशा एक असली तरी एक जवळ व दुसरा फार दूर असू शकतो, कारण आकाश आपणांस सपाट दिसते. म्हणून अंतर जुळले पाहिजे. वय जुळले पाहिजे. शिवाय जन्मसमयीच्या धक्क्याने न्यूट्रॉन तारा सेकंदास शेकडो किलोमीटर वेगाने भिरकावला जातो. तेव्हा तो अवशेषाच्या मध्यापासून जितका दूर गेला आहे, ते अंतर त्याच्या वेगाशी जुळले पाहिजे.

एका अवशेषाच्या काठाशी असाच एक पळता स्पंदतारा आहे. त्या जोडीच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी तिला ‘बदक’ नाव दिले. फिरण्याच्या हिशेबाने तारा सोळा हजार वर्षांचा, आणि तेवढ्या काळात मध्यापासून काठापर्यंत पोहोचावयाचे तर त्याची चाल ठराविक असावयास हवी. काही वर्षांच्या अंतराने त्याची जागा बारकाईने मोजली, तर तो तितका सरकलेलाच नाही! एक तर तो मानला होता त्याच्या दुपटीहून अधिक वयाचा आहे, नाही तर हे गोत्रच चुकलेले आहे. २००० साली हा पेच जाहीर झाला आणि ताऱ्यांच्या वयाचे गणित सर्वांना पुन्हा तपासावे लागले.

फिरण्यावरून वय कसे काढतात ते भोवऱ्याने समजते. भोवरा क्षणोक्षणी मंदावतो. आता किती वेगाने फिरतो आणि किती झपाट्याने मंदावतो हे मोजले, तर तो केव्हा सोडला असावा याचा अंदाज येतो. मात्र त्यात एक गृहीत दडलेले असते: सोडणाऱ्याने तो अतिशय जोराने सोडला होता. हळूच सोडलेला भोवरा या हिशेबात म्हातारा ठरेल. खेकडा अभ्रिकेतील तारा या गणिताने सुमारे साडेबाराशे वर्षांचा ठरतो. चिनी नोंद सांगते की त्याचा स्फोट आपणांस दिसला त्याला हजार वर्षेही झालेली नाहीत. जन्मदाखला हाती होता म्हणूनच गणिताची ही चूक मोजता आली.

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या दुर्बिणीने याहून ठळक उदाहरण दिले आहे, आणि ते मला विशेष सांगावयाचे आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ‘जायंट मीटरवेव्ह’ रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. काही मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटर पसरलेल्या. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांतून या तबकड्या उभ्या आहेत. एका बाजूस शिवनेरी, आणि त्याच तालुक्यात नाणेघाट, जेथे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी यज्ञातील दानांचे आकडे खडकावर कोरले. नोंद ठेवण्याच्या बाबतीत हा मुलूख अगदीच गाफील नव्हता म्हणावयाचा!

‘जी २१.५-०.९’ असे रुक्ष नाव असलेला एक अवशेष क्ष-किरणांत फार काळापासून परिचित होता. त्याचे तेज स्थिर मानले जाई, म्हणून उपग्रहांवरील उपकरणे तपासून घेण्यासाठी त्याचा उपयोग करीत. त्याच्या मध्यभागी चंद्रा दुर्बिणीस एक टपोरा बिंदू दिसला होता. तेथे स्पंदतारा असणार याविषयी कोणासच शंका नव्हती. पण ठोके काही केल्या मिळेनात. २००५ मध्ये डॉ. यशवंत गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीने ते ठोके पकडले: सेकंदास सुमारे सोळा. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीवरील मंडळींनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तो तारा शोधला. दोघांचे श्रेय दोघांस द्यावे. आपण आपल्या खोडदचा अभिमान बाळगावा, पण दुसऱ्याचा वाटा विसरू नये.

या ताऱ्याचे भोवऱ्याच्या हिशेबाने वय निघते सुमारे ४,८५० वर्षे. अवशेषाचा विस्तार किती वेगाने होतो हे मोजले, तर निघतात सुमारे ८७० वर्षे! पाचपटीहून अधिक तफावत. उलगडा असा की हा भोवरा मुळातच फार जोराने सोडलेला नव्हता. तो आज फिरतो त्याहून थोड्याच अधिक वेगाने जन्मला. अवशेष हाती नसता तर या तरुणास आपण वृद्ध समजून बसलो असतो. शिवाय तो स्वस्थही बसत नाही. खोडदहून त्याच्यावर सतत लक्ष ठेवले असता साडेपाच वर्षांत त्याने चार गचके खाल्ले. गचका म्हणजे मंदावत असताना मध्येच एकाएकी वेग किंचित वाढणे. ताऱ्याच्या कठीण कवचाखाली जे द्रव्य कोणत्याही घर्षणावाचून वाहते, ते आपला साठविलेला वेग अधूनमधून कवचास देऊन टाकते, असे याचे स्पष्टीकरण बहुतेक शास्त्रज्ञ देतात.

मॉरिशसच्या वाचकांसाठी येथे एक ओळ जोडतो. त्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर ब्रा-दो येथेही भारतीय संस्था व मॉरिशस विद्यापीठ यांच्या सहकार्याने १९९२ मध्ये एक रेडिओ दुर्बीण उभारली गेली आणि तिने दक्षिणेच्या आकाशाचे नकाशे काढले. ज्यांच्या पूर्वजांनी त्या भूमीवर ऊस तोडला, त्यांच्या मुलांपैकी काहींनी तेथे ताऱ्यांचा अभ्यास केला.

एवढ्यापर्यंतचे स्पंदतारे गचके खात असले तरी वागणुकीने सभ्य होते. मंदावणाऱ्या फिरण्यातून जी शक्ती निघते तिच्यावर त्यांचा संसार चालतो; रोजची मिळकत, रोजचा खर्च. म्हणून क्ष-किरणांत त्यांचे तेज वर्षानुवर्षे तेवढेच राहणार अशी समजूत होती. खेकडा अभ्रिकेवर तर सर्वांचा इतका भरवसा होता की क्ष-किरणांच्या तेजाचे मापच तिच्या नावाने ठरविले गेले. एखाद्या ताऱ्याचे तेज ‘इतके क्रॅब’ असे सांगत, जसे आपण धान्य इतक्या पायल्या म्हणतो. २०११ मध्ये अनेक उपग्रहांची मापे एकत्र ठेवून पाहिली, तेव्हा २००८ पासूनच्या दोन वर्षांत ती अभ्रिका सुमारे सात टक्क्यांनी मंदावलेली आढळली. पायलीच लहानमोठी होते म्हटल्यावर दुकानदाराची जी अवस्था होईल तीच शास्त्रज्ञांची झाली.

पाठोपाठ ॲस्ट्रोसॅटने आपला वाटा दिला. त्यावरील क्ष-किरणांचा एक कॅमेरा टाटा संस्थेच्या प्रा. ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली अनेक भारतीय संस्थांनी मिळून बांधला, आणि त्याच्या निरीक्षणांवरील पुढचे काम पुण्याच्या ‘आयुका’त चालते. त्याने खेकड्यातील ताऱ्याकडे महिनोन्‌महिने वारंवार पाहून क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले. म्हणजे त्या लहरी कोणत्या पातळीत थरथरतात ते पाहिले. हा तारा प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके देतो व मध्ये काही काळ शांत असतो. त्या शांत काळात जे किरण येतात ते केवळ सभोवारच्या मेघाचे, म्हणून त्यांचे ध्रुवण बदलू नये, अशी अपेक्षा होती. २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नेमके त्या शांत काळातच ते सर्वांत अधिक बदलताना दिसले. ठोके कोठून व कसे निघतात याविषयीच्या कित्येक प्रचलित कल्पनांत हे बसत नाही. पाच वर्षांसाठी योजलेला हा उपग्रह त्या मुदतीनंतरही काम करीत राहिला. आणि मुख्यतः ध्रुवण मोजण्यासाठी भारताने १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्स्पोसॅट’ हा निराळा उपग्रह पाठविला.

पण खरा धक्का दिला तो ‘केस्टेव्हन ७५’ या अवशेषातील ताऱ्याने. हा आपणांपासून सुमारे एकोणीस हजार प्रकाशवर्षे दूर. त्याचे ठोके रेडिओ लहरींत मुळीच ऐकू येत नाहीत. ‘रॉसी’ या क्ष-किरण उपग्रहाने तो शोधला आणि २००० मध्ये तसे जाहीर झाले. सेकंदास तीन फेरे, खेकड्यातील ताऱ्याच्या बारापट चुंबकीय क्षेत्र, बाकी वागणे सरळ. मग ३१ मे २००६ रोजी त्याने एकाच दिवशी चार वेळा, आणि जुलैअखेरीस आणखी एकदा, सेकंदाच्या अंशात संपणारे क्ष-किरणांचे स्फोट केले. गंमत अशी की त्या दिवशी हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. नोंदी दप्तरात पडून राहिल्या. पुढे एका गटास रॉसीच्या जुन्या आकड्यांत ते स्फोट सापडले. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या हर्षा कुमार आणि समर साफी-हार्ब यांना चंद्रा दुर्बिणीने योगायोगाने २००६ च्या जूनमध्येच काढलेल्या चित्रांत तो तारा २००० च्या मानाने सुमारे सहापट तेजस्वी झालेला दिसला. २००८ मध्ये दोन्ही शोध प्रसिद्ध झाले.

असले स्फोट ज्यांना शोभतात ती ताऱ्यांची जात निराळी. तिला मॅग्नेटार, म्हणजे चुंबकतारे म्हणतात. त्यांचे चुंबकीय क्षेत्र सामान्य स्पंदताऱ्याच्या शंभरपट वा हजारपट. ते रोजच्या मिळकतीवर जगत नाहीत. घरात पुरलेला हंडा उकरून उधळावा तसे साठलेल्या चुंबकीय शक्तीवर जगतात. आजवर ही दोन कुळे वेगळी मानली जात होती. केस्टेव्हन ७५ मधील हा तारा कालपर्यंत मिळकतीवर जगणारा गृहस्थ होता. एका महिन्यात हंडा उकरून मोकळा झाला, आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा पूर्ववत् गृहस्थासारखा राहू लागला. अगदी पूर्ववत् मात्र नव्हे. त्याची मंदावण्याची रीत, जी शास्त्रज्ञ एका आकड्याने सांगतात, ती स्फोटापूर्वी २.६५ होती, नंतर सुमारे २.२ वर उतरली. भोवऱ्यावर वय मोजणाऱ्यांस हे फार त्रासदायक आहे, कारण मंदावण्याची रीतच आयुष्यात अशी बदलत असेल तर मागे मोजीत जावे कसे?

हा एखादाच विक्षिप्त तारा असेल, असे म्हणण्याची सोय २०१६ पर्यंत होती. त्या वर्षी जुलैच्या २७ व २८ तारखांस दक्षिण आकाशातील दुसऱ्या एका अवशेषामधील ताऱ्याने तेच केले. तो तर रेडिओ लहरींत नियमित ठोके देणारा जुना परिचित स्पंदतारा. क्ष-किरणांत त्याचे तेज दीडशेपटीहून अधिक वाढले, आणि त्याचे रेडिओ ठोके एकाएकी थांबले. सुमारे दोन आठवड्यांनी ते परत आले. दोन्ही उदाहरणांत ताऱ्याभोवती त्याचा अवशेष आहे, दोन्ही तारे कोवळ्या वयाचे आहेत आणि दोघांचे चुंबकीय क्षेत्र दोन कुळांच्या सीमेवर आहे. यावरून अनेकांचे मत असे होत चालले आहे की ही दोन कुळे नसून एकाच घराण्यातील कमी-अधिक तापट भावंडे असावीत. मला हे मत पटण्यासारखे वाटते. तथापि दोन उदाहरणांवर सिद्धान्त बांधू नये हे मी वर्गात मुलांना सांगतो, तेच येथेही सांगितले पाहिजे.

या तापट ताऱ्याच्या जन्माची वेळ तरी ठाऊक आहे काय? फिरण्याच्या हिशेबाने सुमारे सव्वासातशे वर्षे. परंतु चंद्रा दुर्बिणीने २००० ते २०१६ या सोळा वर्षांत त्याच्या भोवतालच्या तेजोमेघाची चित्रे पुनःपुन्हा काढली होती. ती एकावर एक ठेवून मेघ किती फुगला ते मोजले, आणि २०१८ मध्ये वय जाहीर झाले सुमारे पाचशे वर्षे. म्हणजे त्याच्या जन्माचा उजेड पृथ्वीवर पोहोचला तो सोळाव्या शतकाच्या आसपास, एकनाथमहाराजांच्या काळाच्या आगेमागे. चीनच्या दरबारी दप्तरात त्याची नोंद नाही, अरबांच्या ग्रंथांत नाही आणि आपल्याही पोथ्यांत नाही. या वेळी दोष कोणाचाच नव्हे. आकाशगंगेतील धुळीचे दाट पडदे मध्ये होते व तो उजेड पृथ्वीवरील डोळ्यांपर्यंत आलाच नसावा. त्याचा जन्मदाखला सोळा वर्षांच्या क्ष-किरण चित्रांवरून मागाहून लिहावा लागला.

ज्या रॉसी उपग्रहाने हा तारा शोधला त्याचे काम २०१२ च्या जानेवारीत थांबविण्यात आले. १ ऑगस्ट २०२० रोजी, चौदा वर्षांच्या शांततेनंतर, ताऱ्याने दुसरा उद्रेक केला. या वेळी तो त्याच दिवशी ‘स्विफ्ट’ उपग्रहास दिसला, आणि अंतराळस्थानकावरील ‘नायसर’ दुर्बीण लगेच त्याच्याकडे वळविण्यात आली. रेडिओ ठोक्यांसाठीही कान लावण्यात आले. ते काही ऐकू आले नाहीत. पुढचा उद्रेक केव्हा होईल याचे गणित अजून कोणास मांडता आलेले नाही.